वांकिडीची शेळी आणि महिन्याचा हप्ता

राजुऱ्याहून आसिफाबादच्या रस्त्याला लागले की कपाशीची शेते दोन्ही अंगांनी सोबत करू लागतात. राज्याची सीमा ओलांडल्याचे पाट्यांवरील तेलुगू अक्षरांवरून कळते. माणसांच्या बोलण्यावरून ते चटकन उमगत नाही. १९५६ पर्यंत राजुरा तालुकाही आदिलाबाद जिल्ह्यातच होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात गेला आणि वांकिडी आंध्रात राहिली. २०१६ पासून ती तेलंगणातील कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. नकाशे बदलले, पावसाच्या भरवशावरची शेती आणि सीमेपलीकडच्या सोयरिकी मात्र टिकून आहेत.

कपाशीचा पैसा वेचणीनंतर हाती येतो. खर्च मात्र बारमाही. या मधल्या फटीतच सावकार शिरतो. १९९२ साली नाबार्डने ५०० बचतगट बँकांना जोडण्याचा प्रयोग आरंभला, तो गरिबाला बँकेचे दार उघडावे म्हणून. दहा-वीस स्त्रियांनी दरमहा थोडे साठवावे, आपसांत कर्ज द्यावे, हिशेब चोख ठेवावा. मग बँकेने तारणाविना कर्ज द्यावे, अशी ही रीत. त्यातून शेळ्या किंवा दुभते जनावर घेऊन शेतीला जोडधंदा मिळावा, हा हेतू.

ओट्यावर बसलेल्या एका आजींना मी याविषयी विचारले. त्या हसून म्हणाल्या, “बापू, शेळी गाभण राहिली की पाच महिन्यांनी विते. पिल्लू विकाया जोगं व्हायला आणखी काही महिने. हप्ता मात्र पुढच्याच महिन्यात दारात उभा!”

साऱ्या कर्जव्यवहाराचे मर्म त्या एका वाक्यात होते. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. दूध रोज विकले जाईल तिथे मासिक हप्ता झेपतो. शेळीला मात्र सवड द्यावी लागते. ती न दिल्यास पहिले कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढावे लागते. खाजगी सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या आठवडी हप्त्यांनी आंध्रात नेमके हेच घडवले, आणि अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये सरकारला वटहुकूम काढून त्यांच्या वसुलीला लगाम घालावा लागला.

निघताना आजींनी दावणीची शेळी दाखवली. “ही कर्जाची नव्हे, कर्ज फिटल्यावरची,” असे म्हणताना त्यांच्या स्वरात जो अभिमान होता, तो परतीच्या वाटेवर मनात घोळत राहिला.