एका दिवसाची लिली

नाशिक म्हणजे जुनं गुलशनाबाद. इथे गुलाबवेडे गल्लोगल्ली भेटतील, माझं मन मात्र डे-लिलीवर. सकाळी उमललेलं फूल रात्रीपर्यंत मिटलेलं. लिनियसने १७५३ साली हेमेरोकॅलिस म्हटलं. ग्रीकमध्ये एका दिवसाचं सौंदर्य. खरं तर ही लिली नव्हेच. हिला कांदा नसतो, जाड मांसल मुळं असतात. चीनमध्ये वाळवलेल्या कळ्या रश्श्यात घालतात म्हणे! आमच्याकडे कुणी धजावलं नाही.

आता बंगला पाडून इमारत होणार. रंग जमलेत अकरा, फ्लॅटच्या गॅलरीत मावतील दोन. पाऊस सरताच ठोंब सोडवले, पानं वीतभर ठेवून छाटली, प्रत्येकाला रंगाची चिठ्ठी बांधली. केशरी सगळ्यांनीच मागितला. फिका पिवळा हिच्या हातचा. तो कुणाला दिला नाही.