धन्वंतरीचं तवसं

रत्नागिरीत हातगुणाचा एखादा जुना डॉक्टर गेला, की श्रद्धांजलीच्या मजकुरात ‘धन्वंतरी’ हा शब्द हमखास येतो. मराठीने तो थेट देवाकडून घेतला. समुद्रमंथनातून अमृताचा कलश घेऊन वर आलेला हा देव. धनत्रयोदशीला दवाखान्यांत त्याची पूजा होते, धणे-गुळाचा प्रसाद वाटला जातो.

त्या कलशामुळेच धन्वंतरी म्हटलं की काढे आणि रसायनं आठवतात. पण या नावाचं जवळचं नातं शस्त्रक्रियेशी आहे. सुश्रुतसंहितेचा टीकाकार डल्हण नावाची फोड करतो ती अशी: धनु म्हणजे शल्यशास्त्र, आणि त्याच्या पार गेलेला तो धन्वंतरी. शल्य म्हणजे अंगात रुतलेला बाण किंवा काटा. चरकसंहिता मुख्यतः औषधोपचारांची, पण पोटातला गुल्म पिकला की तीही पुढचं काम ‘धान्वंतरीयां’कडे सोपवते. आजच्या फिजिशियनने सर्जनच्या नावे लिहिलेली चिठ्ठीच ती!

 

सुश्रुतसंहितेत काशिराज दिवोदास धन्वंतरी शिकवतो. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात तो बजावतो, की सगळं शास्त्र पाठ असलं तरी हाताला सराव नसलेला शिष्य कामाचा नाही. मग छेद घ्यायला शिकायचं ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडीवर. शीर वेधायची मेलेल्या जनावराची, नाहीतर कमळाच्या देठाची. टाके घालायचे कापडाच्या कडांना, पट्ट्या बांधायच्या माणसाच्या पुतळ्याला. रोग्याच्या अंगाला हात लावायची पाळी त्यानंतर. विद्यार्थ्याच्या चुका रोग्याच्या वाट्याला येऊ नयेत, याची इतकी बारीक काळजी त्या जुन्या काळात कुणीतरी घेतली, हे फार मोलाचं आहे.

त्या यादीतल्या काकडीचं नाव ‘त्रपुस’. कोकणातलं तवसं ते हेच. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर लोंबणारं, किसून ज्याचं धोंडस करतात ते.

रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथल्या मुलांना टाके घालायला शिकवण्याआधी हा नववा अध्याय एकदा वाचून दाखवावा, आणि पहिला छेद गावच्याच तवशावर घेऊ द्यावा.