तीच गोळी, नवं व्हर्जन

पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं, ते पॉइंट टू टू लाँग रायफल गोळीने. ही गोळी १८८७ सालची. हिला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारं मिश्रण पितळी केसच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं. पिन त्या कडेवर आपटली की बार उडतो. सव्वाशेहून जास्त वर्षं मापं तीच! इतका स्टेबल इंटरफेस आपल्या धंद्यात कुणाच्या नशिबी येतो?

पण इंटरफेस तोच राहिला म्हणजे आतलं काही बदललं नाही, असं थोडंच आहे...

इथे ओहायोत आमच्या शेजारच्या आजोबांकडे त्यांच्या वडिलांचं कोल्ट वुड्समन पिस्तूल आहे, १९२९ चं. डिझाइन जॉन ब्राउनिंगचं. १९१५ मध्ये हे पिस्तूल बाजारात आलं, 'वुड्समन' हे नाव त्याला १९२७ मध्ये मिळालं आणि १९७७ मध्ये उत्पादन थांबलं. नात रेंजवर नेमबाजी शिकतेय, तिला ते द्यायचं म्हणून आजोबांनी साफ करायला उघडलं, तर मुठीच्या मागच्या बाजूच्या मेनस्प्रिंग हाउसिंगला तडा!

दिसायला किरकोळ तुकडा. पण स्लाइड जागेवर राहते ती ह्याच्यामुळे, आणि प्रत्येक बाराला मागे येणाऱ्या स्लाइडचा मारही ह्यालाच सोसावा लागतो. म्हणजे तसंच नातीच्या हातात देणं शक्यच नव्हतं.

तडा का गेला असेल? १९३० च्या सुमारास त्याच मापाच्या, पण जास्त वेगाच्या गोळ्या बाजारात आल्या. आजच्या हिशेबात साध्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण १,०८० फूट, हाय व्हेलॉसिटीचा १,२५० च्या आसपास. कोल्टने १९३२ च्या सुमारास हीट ट्रीटमेंट केलेलं, जास्त दणकट हाउसिंग बसवायला सुरुवात केली. ओळखायची खूण एवढीच: जुन्यावर चौकडीची नक्षी, नव्यावर आडव्या रेघा. आधी विकल्या गेलेल्या पिस्तुलांना हे कोण सांगणार? नवी गोळी त्यांच्यातही मस्त बसते, बार उडतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. फक्त पोलाद दर बाराला थोडं थोडं थकत जातं.

गनस्मिथने वेल्डिंगला साफ नकार दिला. आडव्या रेघांचं जुनंच, पण नंतरचं हाउसिंग शोधून बसवायचं, हाच त्याचा सल्ला. आजोबा दोन आठवडे अडून बसले. "डॅडचा तळवा ह्याच नक्षीवर टेकायचा," म्हणाले. शिवाय मूळ भाग गेला की संग्राहकांच्या लेखी किंमत उतरते, ते वेगळंच.

शेवटी नवीन हाउसिंग बसलं. तडा गेलेलं कापडात गुंडाळून त्याच डब्यात ठेवलंय, आणि झाकणाच्या आतून आजोबांच्या थरथरत्या अक्षरात चिठ्ठी: 'फक्त स्टँडर्ड व्हेलॉसिटी. कारण खालचा तुकडा बघ.' हाउसिंग बदललं तरी बाकीचं पिस्तूल १९२९ चंच आहे ना!

मला विचाराल तर खरी दुरुस्ती ती चिठ्ठी. भाग काय, आणखी पन्नास वर्षांनीही कुणीतरी बदलेल. तो का मोडला होता, हे मात्र त्याला कोण सांगणार?

असो. सोमवारी आमच्या एका जुन्या मॉड्यूलखालची लायब्ररी बदलायची आहे. टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत. म्हणूनच जरा धाकधूक वाटतेय :)