जमा कोणाच्या खाती?

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या वहीवर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहितो. लाभाचा हिशेब वर्षभर चोख ठेवला जातो. परंतु तो लाभ झाला कशामुळे, याची खतावणी मात्र आपण फार सोयीने करतो. नफा झाला की तो आपल्या हुशारीच्या खाती जमा होतो, तोटा आला की तो नशिबाच्या नावे पडतो. शेजाऱ्याच्या बाबतीत हीच नोंद उलटी होते. त्याला मिळाले ते नशिबाने आणि गेले ते त्याच्या चुकीने! पेढीवरचा साधा मुनीमही असा ताळेबंद मान्य करणार नाही.

उपासकदशांग सूत्रातील सद्दालपुत्राची कथा आपल्यापैकी अनेकांनी प्रवचनात ऐकली असेल. तो पोलासपूरचा कुंभार. परंतु गरीब कारागीर नव्हे, तर ५०० कर्मशाळांचा धनी. गोशालकाच्या आजीविक मतावर त्याची श्रद्धा होती. जे घडते ते नियतीने आधीच ठरलेले असते, पुरुषार्थाला तेथे स्थान नाही, असे ते मत. भगवान महावीरांनी त्याची मडकी पाहून विचारले, ही कशी झाली? त्याने माती भिजविण्यापासून चाकावर चढविण्यापर्यंतचा सारा क्रम सांगितला. मग ही उद्यमाने झाली की उद्यमाविना? आपल्या मताला धरून तो म्हणाला, उद्यमाविना. तेव्हा भगवंतांनी पुढचा प्रश्न केला : कोणी ही मडकी चोरली किंवा फोडली, तर तू काय करशील? सद्दालपुत्र म्हणाला, त्याला मी शिक्षा करीन. सर्व काही नियतीनेच घडत असेल, तर त्या माणसाचा अपराध कोणता? या प्रश्नापाशी त्याचे मत कोसळले. पुढे तो श्रावक झाला.

मला ही कथा व्यापाऱ्यांसाठीच सांगितली आहे असे वाटते. उधारी बुडविणाऱ्याला ‘तुझी नियतीच तशी’ असे म्हणून आपण कधी सोडून देतो काय? वसुलीच्या वेळी आपण सारेच पुरुषार्थवादी असतो.

पण म्हणून सारे यश पुरुषार्थाचेच, असेही आपले तत्त्वज्ञान म्हणत नाही. काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ ही पाच कारणे ते एकत्र मानते. यांपैकी एकालाच सर्वस्व मानणे म्हणजे मिथ्यात्व, असे सिद्धसेन दिवाकरांनी स्पष्ट केले आहे.

आपल्याच समाजातील सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९१९ साली दिल्लीहून मुंबईस येताना रेल्वेच्या डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाकडून त्यांना कळले की, ग्वाल्हेरच्या महाराजांची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकावयाची आहे. त्या गप्पांतून सिंदिया कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. पुढे २० वर्षांनी, १९३९ मध्ये, विमानप्रवासात त्यांची पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली आणि १९४० मध्ये बंगळूरचा विमान कारखाना स्थापन झाला. दोन्ही भेटी योगायोगाच्या. पण त्या डब्यातून इतरही प्रवासी उतरले असतील. भांडवल उभे करण्याच्या मागे लागले ते वालचंद. ज्या बोटीने दैव उघडले असे म्हणावे, ती १९२३ साली मोडीत निघाली. कंपनी टिकली ती परदेशी कंपन्यांच्या दरयुद्धाला तोंड देत राहिल्यामुळे. विमान कारखाना मात्र १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. तेथे त्यांचा उद्यम कमी पडला असे कोण म्हणेल?

याच प्रश्नाची दुसरी बाजू मी सांगलीत पाहिली. २००५ च्या महापुरानंतर आमच्या एका स्नेह्यांनी आपल्या कापड दुकानातील सर्व फळ्या त्या वेळच्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवून घेतल्या. याहून अधिक दक्षता कोणती? ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी त्या खुणेच्याही वर चढले आणि सारा माल गेला. आमचे दुकान गावाच्या उंच भागात असल्याने कोरडे राहिले. त्यानंतर समाजाच्या बैठकीत कोणी म्हणाले, “त्यांचे पूर्वकर्म, दुसरे काय!” कोणी म्हणाले, “वेळीच माल हलवायला हवा होता.” माझे वडील, अण्णा, दोघांनाही काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, “तुझ्या आजोबांना त्या काळी भर पेठेतली जागा परवडली नाही, म्हणून आपण उंचावर आलो. पूर ओळखून नव्हे.” पुढील सहा महिने त्या स्नेह्यांना आमच्याकडून माल बिनव्याजी उधारीवर गेला. त्यांनी शेवटची रक्कम ठरल्या तारखेला स्वतः आणून दिली.

दुसऱ्याचे पूर्वकर्म केवलज्ञानीच जाणे. ती वही आपल्यापुढे उघडलेलीच नसते. मग तिच्यावर निकाल कसा द्यावा? कर्मसिद्धांत स्वतःला सावध ठेवण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या संकटाकडे पाठ फिरविण्यासाठी नाही.

म्हणून मला वाटते, स्वतःच्या तोट्याचा हिशेब करताना प्रथम पुरुषार्थाचे पान उघडावे, कारण पाच कारणांपैकी आज आपल्या हाती तेवढे एकच आहे. नफ्याचा हिशेब करताना कालाला, योगायोगाला आणि पूर्वजांना त्यांचा वाटा प्रामाणिकपणे द्यावा. दानाची बुद्धी तेथूनच उपजते. तयार गादीवर बसणाऱ्या आपल्या मुलांना तर हा वाटा आवर्जून दाखवावा. आणि शेजाऱ्याचा तोटा दिसला, की कारणांची चौकशी करण्याआधी त्याला कोणता माल लागतो, ते विचारावे.