संजुत्ताहिगरणे आणि आमचं हत्यारांचं कपाट



प्रतिक्रमणात आठव्या व्रताचे अतिचार म्हणताना ‘संजुत्ताहिगरणे’ हा शब्द किती भरभर निघून जातो! हिंसेला कामी येणारं साधन जोडून, वापरायला तयार ठेवणं, असा त्याचा अर्थ. कुऱ्हाडीत दांडा बसवलेला, कुणीही यावं आणि उचलून न्यावं. उपासकदशांगात भगवंतांनी आनंद श्रावकाला हे अतिचार सांगितले आहेत. आपल्या कड्याच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे, त्या अमोलकऋषीजी म.सा. यांनी बत्तीसही आगमांचा हिंदी अनुवाद केला. त्यात जरूर वाचा.

गेल्या वैशाखात आम्ही व्याख्यानाला गेलो असताना ओसरीतली कुऱ्हाड कुणी तरी न विचारता नेली आणि मागच्या लिंबाची फांदी तोडली. फांदीवर कावळ्याचं घरटं होतं. पिलं वाचली नाहीत. हे दिवसभर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाटाची मापं घ्यायला बसले.

मुलगा म्हणाला, लोखंडी कपाट तयार मिळतं. पण सासरचं माळवद उतरवलं तेव्हाच्या सागवानी फळ्या पडून होत्या, मग नवं कशाला? एकेक फळी ठोकून, झटकून, वाळवी-घुण नाही ना हे बघणं माझ्याकडे. दोन फळ्यांत भुसा दिसला, त्या तशाच बाजूला ठेवल्या.

खिळे मारायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. खिळा गंजतो, आणि आपल्याकडचा चैत्रातला कोरडेपणा नि आषाढातली हवा यांत लाकूड आखडतं-फुगतं, मग तो ढिला होतो. म्हणून डव्हटेल. पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात एका फळीला, त्यांत बसणाऱ्या खुंट्या दुसरीला. शेपटी टोकाला रुंद, त्यामुळे ड्रॉवर कितीही ओढा, सांधा निघत नाही. दोन्ही फळ्या एकाच दिशेने फुगतात, म्हणून कोपरा फाटतही नाही.

आखणी मी करायची, करवत ह्यांनी धरायची. कॉमर्सवालीला आकडे जमतात! सागासारख्या टणक लाकडाला उतार साधारण आठास एक. आधी शेपट्या कापायच्या, मग ती फळी दुसरीच्या टोकावर आडवी धरून चाकूच्या टोकाने खुणा करायच्या, कारण पेन्सिलची रेघ जाड पडते. करवत रेघेच्या बाहेर, टाकाऊ भागात चालवायची. उरलेलं पटाशीने, अर्धं एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने, नाही तर कड फुटते. एका कोपऱ्याला तीन सामायिकं होतील एवढा वेळ लागायचा. पण लाकडी हातोड्याच्या दोन टिचक्यांत सांधा बसला की ह्यांचा चेहरा बघण्यासारखा!

आता चिकटवण्याचं. जुने सुतार सरस वापरत. तो जनावरांच्या कातडी-हाडांचा, म्हणून सासूबाई सुताराला आधीच बजावायच्या. 1959 साली फेव्हिकॉल आलं, ते कृत्रिम, त्यामुळे ती अडचण सुटली. पॉलिशची मात्र सुटलेली नाही. चपडा म्हणजे लाखच, किड्यांपासून मिळणारी. पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार येतो हे आपण रोज म्हणतो आणि घरची कपाटं मात्र चपड्याने चकाकवतो. आम्ही जवसाचं तेल चोळलं. एक सांगते, त्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

कुऱ्हाडीचा दांडा आता उभ्या खणात आणि पातं खालच्या ड्रॉवरमध्ये, वेगळं. किल्ली माझ्या कमरेला. कुणी मागायला आलं की कशासाठी हवी ते मी विचारते. लोकांना राग येतो, येऊ दे. फावडं, पहार विहिरीच्या कामाला मागितली तर एवढं विचारावं का, यावर मात्र आमच्या दोघांत अजून एकमत नाही. दुसरा ड्रॉवर राहिलाय. चातुर्मासात लाकूडकाम नको, म्हणून तो कार्तिकी पौर्णिमेनंतर.