गाडी किती दिवस उभी होती?



आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून शेजारपाजारचे त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. एक दिवस थांबलेला घाणा दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचेही तसेच: शब्बाथपुरती उभी राहिली तर ती कुरकुरत नाही, पण तीन आठवडे राहिली तर रुसते.

डिमोनात आमच्या वडिलांची 1982 सालची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन आहे. मलिद्याचे पोहे, नारळ आणि फळे, शिवाय लग्नाला जाणाऱ्या आत्या-मावश्या, सगळे तिने वाहिले. गेल्या वर्षी रोश हशाना ते सिमहात तोरा ती उभीच होती. नंतर सुरू व्हायला इतका वेळ लागला की गॅरेजवाल्याने सांगितले, "कार्बोरेटर संपला, भंगारात काढा." धाकटा भाऊ तयार झाला. वडील नाहीत. त्यांची नजर आता गेली आहे, पण मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकलेले डोके शाबूत आहे. ते अंगणात खुर्चीवर बसून प्रश्न विचारू लागले.

"सेल्फ कसा फिरतो?" जोरात. म्हणजे बॅटरी ठीक. मीटरवरही 12.5 व्होल्ट होते.

"एकदा चालू झाली की दुसऱ्या सकाळी?" लगेच. "शब्बाथनंतर?" तेव्हाही. म्हणजे करंट येतो, चोकही बसतो. दोष फक्त बरेच दिवस उभी राहिल्यावर दिसतो.

वडील म्हणाले, "मग वाटी सुकते." कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल थोडेच असते, आणि वाळवंटातल्या उन्हात ते उडून जाते. पंप इंजिनावर चालतो, त्यामुळे सेल्फ मारल्याशिवाय टाकीतले पेट्रोल वर चढत नाही.

खात्रीसाठी गाडी दहा दिवस उभी ठेवली. मग एअर फिल्टरचे झाकण काढून एक्सिलेटरची तार हाताने ओढली. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी होती, काहीच नाही. झाकण लावून दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सेल्फ. तिसऱ्या खेपेनंतर पाहिले तर पिचकारी आली. चोक ओढला, गाडी सुरू.

एका रात्रीनंतरही असाच उशीर होत असता, तर पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा आणि झडप तपासावी लागली असती. पिचकारी येऊनही गाडी पेटली नसती, तर चोकची पाती, पॉइंट आणि प्लग. एक सावधगिरी: कोणी सेल्फ मारत असताना उघड्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतू नका. इंजिन उलटे फुटले तर ज्वाला तोंडावर येते.

कार्बोरेटर तोच आहे. कडक होऊन चिरा पडू लागलेली नळी तेवढी बदलली, आणि आता दोन आठवड्यांतून एकदा भाऊ तिला चांगली गरम होईपर्यंत फिरवून आणतो.

आपल्या कितीतरी घरांतले वडीलधारे रेल्वेत, गिरणीत, गोदीत हाताने काम करून इथे आले. लग्ना-सुंतेचे फोटो आपण जपतो, पण त्यांची ही विद्या कोणी लिहून ठेवत नाही. भावाने वडिलांचे प्रश्न त्याच क्रमाने वहीत मराठीत उतरवले आहेत. तुमच्या घरी असे कोणी असेल तर या हनुकाला त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.