पवनारचा समुद्र

वर्ध्याचा मास्तर मद्यगृहावर लिहायला बसला हे कळताच आमच्या गावात काही भुवया वर जातील. जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. कागदावर तरी आहे. काळोखात कोण काय करतो ते पाहायला मी जात नाही. पण मी सांगतो आहे ते मद्यगृह सातासमुद्रांपलीकडचं. त्याची हकीकत मात्र मी सांगितली ती पवनारला, धाम नदीच्या काठी, कोजागिरीच्या रात्री आणि खुद्द अण्णांना.

अण्णा म्हणजे आमचे वडील. वय शहाऐंशी, अंगावर खादी, दारूबंदीसाठी तरुणपणी गावोगाव पायपीट केलेले. दादा माझा थोरला भाऊ, तीस वर्षं कॅलिफोर्नियात. तो ‘घेतो’ ही बातमी कुणा हितचिंतकाने अण्णांच्या कानांवर घातली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकांचं फोनवर जे काही बोलणं होई, ते रक्तदाबापुरतं. यंदा दादा आला, आणि ‘कोजागिरीला पवनारला जाऊ’ असं अण्णाच म्हणाले. नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात धामचा पूल येतो आणि काठावर विनोबांचा आश्रम दिसतो. विनोबा १९३८ साली इथे आले ते ढासळलेली प्रकृती सुधारायला. पुढे जमीन खणताना मूर्ती सापडल्या. त्यांतली भरत-रामाच्या भेटीची मूर्ती आश्रमात आहे. १९५९ साली त्यांनी इथेच स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढलं. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी ते गेले, तो दिवाळीचाच दिवस. मी तेव्हा रांगत होतो, पण दादा दहा वर्षांचा होता. त्या संध्याकाळी आमच्या घरी एकही फटाका वाजला नाही. लवंगी माळ तशीच कपाटात राहिली. विनोबांची आपली आठवण एवढीच, असं दादा म्हणतो. मला ते खरं वाटत नाही.

पात्रातल्या काळ्या खडकांपासून जरा अलीकडे आम्ही सतरंजी टाकली. वहिनींनी दूध आटवून आणलं होतं. केशर, वेलदोडे, चारोळी आणि बदाम सढळ हाताने. जोडीला वर्ध्याचा गोरसपाक. दुधात चंद्र पाहिल्याशिवाय प्यायचं नाही, म्हणून सगळे भांड्यात डोकावून गप्प बसलो. ती शांतता फार लांबली. अशा वेळी माझ्यातला मास्तर जागा होतो. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं वा. वि. मिराशींचं मत. सगळ्या पंडितांना ते मान्य नाही, पण वर्धेकर म्हणून मला सोयीचं आहे. या राजाचं महाराष्ट्री प्राकृतातलं ‘सेतुबंध’ काव्य शरद ऋतूच्या वर्णनाने सुरू होतं आणि मग समुद्रावर येतं.

“समुद्र इथून शेकडो कोस,” मी म्हणालो, “तरी त्याने केवढा समुद्र उभा केला!”

“त्यात काय!” दादा बोलून गेला. “आमच्याकडे हॉटेलच्या तळघरात केलाय. याला विचारा, दोन वर्षांपूर्वी आला होता तेव्हा नेलं होतं मी.”

आणि जीभ चावली. पण अण्णांनी ऐकलं होतं. “सांग रे,” ते मला म्हणाले.

मग सांगावंच लागलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलात ‘टोंगा रूम’ नावाचा बार आहे. १९२९ साली तिथे पोहण्याचा तलाव बांधला होता. १९४५ साली चित्रपटांचे देखावे उभारणाऱ्या एका माणसाने त्याचं दक्षिण समुद्रातलं तळं करून टाकलं. भोवती गवती छपरं, बांबू आणि ‘टिकी’, म्हणजे पॉलिनेशियातल्या कोरीव आकृती. वादक तराफ्यावर बसून तळ्यात तरंगतात. मधूनमधून वीज चमकते, ढग गडगडतात आणि छतातून पाऊस कोसळतो.

“ही टूम निघाली कशी?”

“तिथली दारूबंदी उठली १९३३ साली. लगेच हॉलिवूडमध्ये एकाने असला पहिला बार काढला.”

“किती वर्षं टिकली त्यांची बंदी?”

“तेरा.”

“तेराच?” अण्णांच्या स्वरात अमेरिकेविषयी खरीखुरी कीव होती. मग त्यांनी विचारलं, “तू काय प्यालास?”

“अननसाचा रस. वर कागदाची छत्री खोचलेली.”

“आणि हा?”

धामचं पाणी खडकांवरून वाहत होतं, तेवढाच आवाज. वहिनी उगीचच गोरसपाकाचा डबा उघडून पुन्हा लावू लागल्या.

“मी ‘माय ताय’ घेतली, अण्णा,” दादा म्हणाला. “रम असते त्यात. लिंबू, संत्र्याची दारू, बदामाचं सरबत. दोन घेतल्या.”

मी खाली भांड्यात पाहत राहिलो. चंद्र हलत होता. माझा हात स्थिर नसावा.

“तो पाऊस,” बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, “अंगावर येतो का?”

“नाही. तळ्यावरच पडतो.”

“मग छत्री कशाला?”

आधी वहिनी हसल्या, मग मी. दादाला हसू आवरेना. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिला. अण्णा मात्र गंभीर. त्यांनी पातेलं जवळ ओढलं, पळीने तळाशी बसलेले बदाम वर काढले आणि दादाचं रिकामं भांडं पुन्हा भरलं.

“दोन म्हणालास ना?” ते म्हणाले. “घे.”